निमजे काकाजींना तहान लागते

नागपुरातल्या हौशी गायकांना दोनच गोष्टींची धास्ती असते. एक म्हणजे ऐन मे महिन्यात, गाणं रंगात आलेलं असताना लाइट जाण्याची. दुसरी निमजे काकाजींना तहान लागण्याची. लाइट निदान परत येते. काकाजींना एकदा तहान लागली की ते गाणं गेलं, गायक गेला, आणि त्याच्या बायकोनं मुद्दाम बोलावून आणलेले माहेरचे लोकही मान खाली घालून गेले.

पद्धत अशी. सभागृह कुठलंही असो, काकाजी चौथ्या रांगेत कडेची खुर्ची धरून बसायचे. शेजारी त्यांची बायको, सुलोचनाकाकू. गाणं चांगलं चाललं असेल तर काकाजी काहीच करायचे नाहीत. मांडीवर हात, नजर स्टेजवर, टाळीसुद्धा नाही. फसलं असेल तर मात्र पहिला अंतरा संपेपर्यंत थांबायचे, कारण मध्येच उठणं म्हणजे उद्धटपणा असं त्यांचं मत. मग शांतपणे उठायचे, बाजूच्या दाराजवळ ठेवलेल्या पाण्याच्या कॅनपाशी जायचे, स्टीलचा गिलास भरायचे आणि भिंतीकडे तोंड करून तो सावकाश प्यायचे. गाणं संपलं की परत जागेवर. हूं नाही की चूं नाही, पण अख्ख्या हॉलला कळलेलं असायचं. आमच्याकडे नापास होण्याला नावच पडलं होतं, पाणी. 'परवा जोशी मॅडमचं पाणी झालं म्हणे.' 'मला तीन वर्षांत एकदाही पाणी नाही,' असं एक निवृत्त तहसीलदार छाती फुगवून सांगायचे. त्यांच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

मी काकाजींची समोरची शेजारीण. नंदनवन वस्तीत आमची फाटकं समोरासमोर, अकरा वर्षं. मी सकाळपाळीच्या शाळेत शिकवते म्हणून ते मला मास्तरीण म्हणायचे. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा या अडाणी बाईच्या हातात काकाजींचा निकाल आला होता आणि मी तो चुकवला.

काकाजी उंच, हाडकुळे. इस्त्रीचा पांढरा हाफशर्ट, खिशात कंगवा आणि खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी. पण कार्यक्रमात पुडी उघडायची नाही. "तोंड चाललं का कान बंद होते," म्हणायचे. निमजे घराणं मूळचं विणकरांचं. आजा आणि बाप हातमागावर लुगडी विणायचे. काकाजी मात्र हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर लागले आणि एकतीस वर्षं तिथेच राहिले. एकदा एका निवेदकानं स्टेजवरून त्यांचं कौतुक सुरू केलं, की निमजे साहेबांच्या रक्तातच हातमागाचा ताल आहे. काकाजी जागेवरूनच म्हणाले, "हातमागानं ताल नाही येत गा. कंबर जाते."

आमची ओळख झाली ती एका वरातीमुळे. मी नुकतीच राहायला आले होते. संध्याकाळी भाजी घेऊन येताना पाहिलं तर मंगल कार्यालयाच्या वळणावर वरात अडलेली. घोडीवर नवरदेव, पुढे लाल कोटातला बँड, आणि बँडच्या पुढ्यात हातात फुलकोबीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ.

"मधलं कुठं गेलं?" ते बँडमास्तरला विचारत होते.

"काय मधलं, काकाजी?"

"मुखडा झाला. मग क्लॅरिनेट येते, मग अंतरा. तू तं क्लॅरिनेट खाऊनच टाकली. काहून?"

"लग्नाची घाई आहे ना जी. मुहूर्त टळून राहिला."

"लग्न जन्मभर चालते. ह्याले अर्धं मिनिट लागते. मी सांगतो, तू वाजव."

आणि भर रस्त्यात त्यांनी ते मधलं संगीत तोंडानं वाजवून दाखवलं, जिथं श्वास घ्यायचा तिथं श्वास घेऊन. क्लॅरिनेटवाला म्हातारा होता. त्यानं आधी खाली मान घालून ऐकलं, मग वाद्य तोंडाला लावलं आणि ते सगळं जसंच्या तसं वाजवलं. काकाजींनी पिशवी हलवून वरातीला रस्ता दिला. मौज अशी की मुलीकडच्यांना वाटलं हे मुलाकडचे कोणी मानाचे काका आहेत, आणि मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. दोघांनीही आग्रह केला. काकाजी फेटा बांधून, पुडाची वडी खाऊन घरी आले. काकूंनी दार उघडून विचारलं, "कोणाचं लग्न होतं जी?" तर म्हणाले, "नाव नाही विचारलं. पण क्लॅरिनेट चांगली होती."

त्यांची मतं ठरलेली असायची, आणि ती ऐकायला मी मुद्दाम फाटकाशी उभी राहायची. चौथीच रांग का? तर पहिल्या तीन रांगांतले लोक ऐकायला येत नाहीत, दिसायला येतात. मूळ गायकासारखी टोपी घालून गाणाऱ्याबद्दल विचारलं तर, "टोपी सुरात होती." निवेदकांवर तर त्यांचा भारी राग. एखादा निवेदक गाण्यापेक्षा लांब बोलायला लागला की काकाजी मध्येच जोरात टाळ्या वाजवायचे. हॉलला वाटायचं काहीतरी छान वाक्य झालं, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि निवेदक खूश होऊन, हात जोडून विंगेत जायचा. एकदा कॉलेजच्या पोरांचा रॉक बँड ऐकायला गेले, बिनबोलावता. कार्यक्रम झाल्यावर गिटारवाल्यानं विचारलं, कसं वाटलं अंकल? काकाजी म्हणाले, "आधी गिटार लाव, मग केस. आणि त्या ड्रमवाल्याले चहा पाज. तो एकटा मजूर आहे, बाकी तुम्ही सगळे मुकादम."

धुमाल मात्र त्यांचा जीव की प्राण. धुमाल म्हणजे गाडीवर बांधलेले ढोल-ताशे, कीबोर्ड आणि भिंतीएवढे स्पीकर. गणपतीत आमच्या खिडक्यांच्या काचा त्यानं थरथरतात. गल्लीतली सुशिक्षित माणसं नाक मुरडायची. काकाजी मात्र गाडीच्या अगदी जवळ, डोळे मिटून, छातीवर पंजा ठेवून उभे राहायचे. "ह्याले कान नाही लागत, मास्तरीण," म्हणायचे. "छाती लागते." मला वाटायचं, गंमत करतात.

आणि सगळ्यात मोठं वैर होतं ते कराओकेशी. आमच्या नंदनवनात हौशी गायकांचं एक मंडळ आहे. निवृत्त झालेले साहेब, त्यांच्या बायका, एखादा डॉक्टर. वादक परवडत नाहीत, म्हणून लॅपटॉपवर नुसत्या वाद्यांचा ट्रॅक लावायचा आणि त्यावर आपण गायचं. काकाजी त्याला डबा म्हणायचे. "वादक माणूस असते गा," सचिव वानखेडे साहेबांना ते सांगायचे. "गाणारा अडखळला का तबलेवाला थांबते, पेटीवाला सूर देऊन सांभाळते. डबा कोणाले सांभाळते? तुम्ही मेले तरी डबा पुढं जाते." वानखेडे साहेब हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, त्यांना उत्तर ऐकायची सवय नव्हती. ते म्हणायचे, "मग तुम्ही येताच कशाला?" काकाजी म्हणायचे, "तहान लागते."

गेल्या तीनेक वर्षांत मात्र काकाजींचे निकाल जरा विचित्र यायला लागले. ते तहसीलदार म्हशीसारखे हंबरायचे तरी त्यांना पाणी नाही. आणि मंडळातले दातांचे डॉक्टर, ज्यांचा आवाज मलासुद्धा चांगला वाटायचा, त्यांना पाणी. बिचारे डॉक्टर खचले. एका गुरुजींकडे तीन महिने शिकायला गेले, दवाखान्यात रुग्णाचं तोंड उघडं ठेवून सरगम म्हणायला लागले, पुन्हा स्टेजवर उभे राहिले. आणि पुन्हा पाणी.

त्या दिवशी मी पाचव्या रांगेत, काकाजींच्या बरोब्बर मागे बसले होते. डॉक्टरांचा अंतरा संपला तसा काकूंचा हात पदराखालून सरकला आणि काकाजींच्या कोपरावर गेला. एकदा दाबलं, पुन्हा दाबलं. काकाजी उठले आणि पाण्याकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

"काकू, डॉक्टर काल बरे गायले ना?"

"बरा? भल्ला चांगला गायला तो."

"मग पाणी कसं काय?"

"माझी उजवी दाढ दुखत होती," काकू लाटणं न थांबवता म्हणाल्या. "त्यानं डावी काढली."

आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. लाटणं थांबलं. काकू गोऱ्या, ठेंगण्या, नेहमी हसऱ्या. त्यांचा चेहरा मी असा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"कोणाले सांगू नको वं, मास्तरीण. त्यायले ऐकू येत नाही."

मला आधी कळलंच नाही. ज्या माणसाच्या कानाला अर्धं नागपूर घाबरतं, त्याला ऐकू येत नाही?

"मशीनीनं खाल्ले कान," काकू म्हणाल्या. "एकतीस वर्षं धाडधाड. आधी कोकिळा गेली. मग कुकरची शिट्टी. मग माझी हाक. समोर बसून बोललं तं ओठावरून समजते, म्हणून तुमाले कोणाले कळलं नाही. कानातलं मशीन आणलं होतं. तं म्हणे, डब्यात वाटाणे वाजल्यासारखं ऐकू येते, हे गाणं नाही. ठेवून देल्लं कपाटात. मी म्हटलं, मग कार्यक्रम सोडा आता. दोन दिवस जेवले नाही वं. म्हणून मीच म्हटलं, मी आहे ना बाजूले. एकदा दाबलं तं बसून राहा. दोनदा दाबलं तं पाणी."

"म्हणजे तीन वर्षं निकाल तुमचे?"

"हाव."

"आणि ते तहसीलदार?"

"त्याची बायको दरसाल आंब्याच्या लोणच्याची बरणी पाठवते," काकू म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की पोळी तव्यावर जळाली.

हसू ओसरल्यावर काकू म्हणाल्या, "मले गायचं आहे. मंडळात. एकदाच."

काकू गातात हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. काकाजींना तर चाळीस वर्षांत नव्हतं. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच आठवड्यात घरी पाहुणे जमले होते, थोरल्या नणंदेनं गाणं म्हटलं, आणि अंतरा झाल्यावर काकाजी उठून माठाकडे गेले. नवी नवरी कोपऱ्यातून पाहत होती. "तेव्हाच मी तोंड शिवून घेतलं," काकू म्हणाल्या. "हे ड्यूटीवर गेले का गायची. सायकल वाजली का बंद."

"मग आता काहून गायचं म्हणता?"

"आता त्यायले ऐकू येत नाही ना वं."

पुन्हा दोघी हसलो. पण या वेळी माझं हसू मध्येच थांबलं, कारण काकूंचं आधीच थांबलं होतं.

महिनाभर दुपारी काकू माझ्याकडे यायच्या. घरी का नाही, विचारलं तर म्हणाल्या, "ऐकू येत नाही, पण दिसते ना." जुनं, विरहाचं गाणं निवडलं. मूळ ट्रॅकची पट्टी काकूंना फार उंच पडायची, म्हणून मी मोबाइलवर तो ट्रॅक दोन पट्ट्या खाली उतरवून घेतला. हे एवढं तंत्र मला माझ्या भाच्यानं शिकवलं होतं आणि मला त्याचा उगाच अभिमान वाटायला लागला होता. काकूंचा आवाज जाडसर होता, खालच्या सुरात गोड. भांडी आवरताना गुणगुणायची सवय असलेला आवाज, मोठा व्हायला आधी लाजायचा. पंधरा दिवसांनी लाजणं सुटलं. मी चहा करत असायची आणि माझ्या हातातलं काम थांबायचं.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी काकूंनी काकाजींना समोर बसवून सांगितलं. काकाजींनी ओठ वाचले, खर्र्याची पुडी काढली, परत खिशात ठेवली, आणि एकच प्रश्न विचारला. "मग माझ्या बाजूले कोण बसन?"

अशी मी नेमली गेले. काकूंनी मला बजावलं, "जे वाटन तेच दाब. खोटं दाबू नको. त्यायनं जन्मात कोणाले खोटा निकाल नाही देल्ला." हे सांगणारी बाई कोण, तर एका दाढेसाठी डॉक्टरांना दोनदा पाणी पाजणारी. पण त्या वेळी मला ते सुचलं नाही.

मे महिन्यातला रविवार, सकाळचे अकरा. हॉलमध्ये दोन्ही बाजूंना कूलर घोंघावत होते. चौथ्या रांगेत काकाजी, शेजारी मी. काकू अंजिरी रंगाचं लुगडं नेसून स्टेजवर आल्या तशी हॉलमध्ये कुजबुज झाली. पाणी पिणाऱ्याची बायको गाते म्हटल्यावर कोण सोडणार? तहसीलदार खुर्चीच्या टोकावर येऊन बसले. डॉक्टरांनी तर मान वळवून चौथ्या रांगेकडेच डोळे लावले.

वानखेडे साहेबांनी ट्रॅक सुरू केला आणि मला माझी चूक कळली. तो मूळचा उंच ट्रॅक होता. आदल्या दिवशी मीच त्यांना मोबाइलवरून पाठवला होता, आणि दोन सारख्या नावांतला चुकीचा पाठवला होता.

काकूंनाही पहिल्याच सुरात कळलं. पण त्या थांबल्या नाहीत. मुखडा कसाबसा निभावला. अंतऱ्यात सूर चढत गेला, आवाज चिरकला, पुन्हा चिरकला. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. ट्रॅक आपला तालात पुढे चालला होता आणि काकू त्याच्यामागे धावत होत्या. अंतरा संपला. काकाजींचं कोपर माझ्या बाजूला सरकलं.

दोनदा दाबायला हवं होतं. मी एकदाच दाबलं.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते स्टेजकडे पाहत होते. मग उठले.

सगळ्या माना पाण्याच्या कॅनकडे वळल्या. काकूंनीही पाहिलं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि डोळे मिटून घेतले, पण गाणं सोडलं नाही. काकाजी बाजूच्या दाराकडे गेले. पाण्याची कॅन आली. ते तिच्यापाशी थांबलेच नाहीत. पुढे जाऊन स्टेजच्या कडेला, वानखेडे साहेबांच्या टेबलाशी वाकले, एक वायर धरली आणि उपटली.

ती कूलरची निघाली. डावीकडच्या चार रांगा कळवळल्या. वानखेडे साहेब "अहो, अहो" करत उभे राहिले. काकाजींनी दुसरी वायर उपटली आणि लॅपटॉपचा आवाज बंद झाला.

काकूंनी डोळे उघडले. माइक चालू होता, ट्रॅक नव्हता. काकाजी त्यांच्यासमोर उभे राहून हातानं खूण करत होते, खाली, खाली ये. काकूंना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी गाणं पहिल्यापासून धरलं, त्यांच्या स्वतःच्या पट्टीत, माझ्या स्वयंपाकघरात धरायच्या तसं. आणि मुखड्यानंतर, जिथं वाद्यं वाजायची, तिथं काकाजींनी तोंडानं ते मधलं संगीत सुरू केलं. त्यांना स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नसावा, तो जरा वरखाली होत होता. पण एक जागा सुटली नाही, एक मात्रा चुकली नाही. त्या वरातीत क्लॅरिनेट केली होती ना, तसंच. ते संपलं की हात पुढे करायचे, आता तू. आणि काकू अंतरा घ्यायच्या.

गाणं संपल्यावर डॉक्टर पहिल्यांदा उभे राहिले. मग सगळा हॉल. काकाजी जागेवर येऊन बसले आणि कोपर माझ्याकडे केलं. मी एकदा दाबलं.

"हे खरं दाबलं," ते म्हणाले. "आधीचं खोटं होतं."

माझी मान खाली गेली. मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन सावकाश विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तिच्या मानेची शीर पाह्यली. टाचा वर करून राहिली होती. चाळीस वर्षं पाहून राहिलो, तिले ओझं झालं का टाचा वर होते."

बाहेर कडुलिंबाखाली आम्ही ऑटोची वाट पाहत उभे होतो. काकू आत बायकांच्या गराड्यात होत्या. काकाजींनी पुडी उघडली, पण खर्रा तोंडात टाकला नाही.

"कसा आहे वं आवाज?" त्यांनी विचारलं.

मला जसं सांगता आलं तसं सांगितलं. जाडसर आहे, खाली गोड लागतो, वर जाताना जरा थरथरतो. ते माझ्या ओठांकडे टक लावून पाहत होते, एकही शब्द निसटू नये म्हणून.

"कान होते तेव्हा गायली नाही," ते म्हणाले. "मी पाणी पीन म्हणून गायली नाही. दुनियेचं ऐकत फिरलो मी, घरचं नाही ऐकलं." मग पुडी मिटत, "कान मशीनीले देल्ले. बाईले द्याचे राहून गेले."

मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडून चेष्टाच ऐकली होती. मला फार वाईट वाटलं, आणि ऑटो आला तेव्हा सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर काकाजींनी मंडळात कोणालाच पाणी दिलं नाही. चौथ्या रांगेत यायचे, काकूंचं गाणं असेल त्या दिवशी वायरी उपटायला एकटे पुढे बसायचे, बाकी निवांत. मंडळातले लोक माजले. ज्यांना ट्रॅकवरसुद्धा धड गाता यायचं नाही ते दोन-दोन गाणी मागायला लागले. वानखेडे साहेब स्वतः मला म्हणाले, "निमजेंना जरा तहान लागली तर बरं होईल हो." डॉक्टरांनी काकूंची राहिलेली दाढ फुकट काढून दिली, या वेळी उजवी.

पुढच्या वर्षी जूनमध्ये माझी बदली नरखेड तालुक्यातल्या एका शाळेत झाली. सामान टेम्पोत भरून झालं होतं. काकूंचा एक डबा माझ्याकडे राहिला होता, तो द्यायला मी दुपारी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं.

काकू स्वयंपाकघरात पाटावर बसून गवारीच्या शेंगा मोडत गात होत्या. तेच गाणं. काकाजी त्यांच्या मागे फरशीवर बसले होते, चष्मा काढून, एक कान काकूंच्या पाठीला चिकटवून. डोळे मिटलेले. बोटं फरशीवर ठेका धरत होती. मुखडा झाल्यावर त्यांनी मधलं संगीत तोंडानं वाजवलं आणि कान पुन्हा पाठीला लावला. मी डबा हातात घेऊन उंबरठ्यावर उभी राहिले. आत जावंसं वाटेना, निघावंसंही वाटेना.

दुसऱ्या अंतऱ्यात काकू वर गेल्या. सूर जरा घसरला. इतका थोडा की मला तो काकूंच्या थबकलेल्या हातावरून कळला.

काकाजींनी डोळे उघडले. अंतरा पूर्ण होऊ दिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, माठापाशी गेले, गिलास भरला, आणि भिंतीकडे तोंड करून सावकाश पाणी प्यायले.

काकू मोडलेली शेंग हातात धरून त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

"पाणी पेले वं, मास्तरीण," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं त्यायले."